लंगडा गिअर

माझ्या दादाचा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापला तेव्हा तो तिशीतही नव्हता. जामहून हिंगणघाटकडे जाताना कापसाच्या गाठी भरलेल्या लॉरीचं चाक पंक्चर झालं. ते बदलताना जॅक सरकला आणि लॉरी त्याच्या पायावर बसली. त्याचा जोडीदार ड्रायव्हर मागच्या लॉरीवर होता. त्याने दादाला ओढून बाहेर काढलं, आपल्या लॉरीत घातलं आणि थेट वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं. वाटेत रडून रडून त्याचा घसा बसला होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी या माणसाबद्दल बरंच वाईट बोलणार आहे.

मी त्या वेळी वर्ध्याच्या एका प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. आईवडील गेलेले, माझं लग्न जमण्याची चिन्हं नव्हती, तेव्हा दादा-वहिनीकडेच राहत होते. घर स्टेशनाजवळच्या चढाला लागून. लॉरीला क्लच असतो आणि क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो, एवढं मोटारशास्त्र आमच्या घरात त्या वर्षी सगळ्यांना कळलं. दादाचं लायसन भिंतीवरच्या देवांच्या फोटोमागे जाऊन बसलं आणि दादा दारातल्या बाजेवर.

घरासमोरून लॉऱ्या जात. चढ आला की ड्रायव्हर गिअर बदलत, इंजिनाचा आवाज क्षणभर पडायचा आणि परत चढायचा. तेवढ्या क्षणात धोतराखाली दादाची उरलेली मांडी हलायची. क्लच दाबायची. त्याला ते कळतही नसे. वहिनीने ते पाहिलं की ती उठून चुलीकडे जायची. चुलीवर काही नसलं तरी जायची.

असं दोन-तीन वर्षं चाललं. दादा चिडका झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं. तो नुसता नम्र झाला, आणि घरातला कर्ता पुरुष नम्र झालेला पाहणं फार वाईट. पाणी मागताना तो वहिनीला म्हणायचा, "हातचं काम झालं का मंग देजो."

मग ती मोटार आली.

गावात एक मालगुजार होते. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, सरकारने काढून घेतली होती, पण लोकांच्या तोंडचं नाव गेलं नव्हतं. कारंज्याच्या बाजूला त्यांचा संत्र्यांचा मोठा बगीचा होता. मायदेशी परत निघालेल्या कुणा साहेबाची अमेरिकन मोटार त्यांनी नागपूरला घेतली. लांबलचक, हिरवी, बसायला आमच्या खोलीएवढी जागा. तिची खुबी अशी की तिला क्लचच नव्हता. गिअर तिचे तीच बदलायची. मोटारस्टँडवर तिचं नाव पडलं 'आपोआप'.

या आपोआपला ड्रायव्हर मिळेना. स्टँडवरचे सगळे नामांकित ड्रायव्हर मालगुजारांनी बसवून पाहिले. सगळ्यांचं एकच व्हायचं. गाडी वेगात आली की जन्मभराच्या सवयीने डावा पाय क्लच शोधायला जायचा. क्लच नसायचा, पण त्या जागी ब्रेकची चांगली रुंद पट्टी होती. पाय तिच्यावर सगळ्या ताकदीनिशी पडायचा. गाडी जागच्या जागी थांबायची आणि मागे बसलेले मालगुजार पुढे यायचे. एकदा त्यांची टोपी समोरच्या काचेवर जाऊन आदळली. दादाचा जोडीदारही या परीक्षेला बसला होता. त्याने तर बाजाराच्या दिवशी भर चौकात मालगुजारांना पुढच्या सीटवर आणून टाकलं, आणि 'आता तुम्ही चालवा' म्हणायचीच काय ती बाकी होती, असं स्टँडवर आठवडाभर सांगत होते.

हे हसणं आमच्या घरीही पोचलं. मी हसले, दादा हसला. वहिनी हसली नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी डोईवर पदर घेऊन एकटी मालगुजारांच्या घरी गेली. उभ्या आयुष्यात ती कुणा परक्या पुरुषाशी आपणहून बोलली नव्हती. ओसरीच्या खाली उभी राहून म्हणाली, "ज्या पायानं तुमची गाडी अडते, थो पायच नाई त्याईले."

मालगुजारांनी पानाचा डबा बाजूला सारला म्हणे. मग म्हणाले, "पाठवजो."

दादाने गाडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी शाळेत होते. शाळेच्या फाटकापाशी हॉर्न वाजला, खूप वाजला. मी वर्ग सोडून बाहेर आले. हेडमास्तरांनी नंतर मला त्याबद्दल ऐकवलं, आणि मीही त्यांना ऐकवलं. दादा आत बसला होता, कुबडी मागच्या सीटवर टाकलेली, आणि खिडकीतून दिसणारा त्याचा चेहरा जसाच्या तसा होता, लॉरी चालवायचा तेव्हाचा. बाहेरून कुणाला कळलं नसतं की आत एक पाय कमी आहे. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तो म्हणाला, "काऊन रडून राह्यली वो? बस ना अंदर."

स्टिअरिंगच्या खाली एक दांडी आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं होती. ती दादाला मी वाचून दाखवली. नागपूरच्या मेकॅनिकने त्याला त्यांचा अर्थ समजावून दिला होताच. एन म्हणजे न्यूट्रल, आर म्हणजे रिव्हर्स. डी वर दांडी ठेवली की गाडी आपली आपण एकेक गिअर चढवत टॉपला जाते. एल म्हणजे लो. त्यात ठेवली की ती खालच्या गिअरमध्येच राहते, वर जात नाही. सपाट रस्त्याला डी. पण मागे ओझं असेल किंवा मोठा चढ असेल तर एल. नाहीतर काय होतं, गाडी आपल्या मनाने टॉप टाकते, ओझ्याने दमते, खाली येते, जरा हलकी झाली की परत टॉप टाकते. ही वरखाली चालू राहिली की आतलं तेल तापतं आणि मग गिअरपेटीची खैर नाही. दादाने मला हे सगळं इतक्या आनंदाने सांगितलं की मला ते आजही पाठ आहे.

स्टँडवर त्याचा भाव पुन्हा वाढला. संध्याकाळी मालगुजारांना घरी सोडलं की तो गाडी मुद्दाम स्टँडवरून आणायचा. सगळे भोवती जमायचे. जोडीदार तर सगळ्यांत पुढे. त्याच्या मनात मत्सर होता का? थोडा असेलही. स्वतःची झालेली फजिती कुणाला आवडते. पण दादा पुन्हा चाकावर बसला याचा आनंदही त्याला खरा होता. त्या आनंदात तो एकदा खिडकीतून वाकला, दांडीवरची अक्षरं विचारून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी सांगतो बे. डी म्हणजे डायवरचा गिअर. अन् एल म्हणजे लंगड्याचा."

स्टँड हसलं. दादाही हसला. त्या दिवसापासून एल ला लंगडा गिअर हे नाव पडलं. ज्यांनी ती गाडी आतून कधी पाहिलीही नव्हती ते चहाच्या टपरीवर म्हणायचे, "चढाले लंगड्यात टाकतो का नाई बे?" त्यात कुणाच्या मनात काही नव्हतं. आपल्याकडे माणसाला त्याच्या व्यंगावरून हाक मारायची रीतच आहे. चकण्याला चकणा म्हणतो, बहिऱ्याला बहिरा म्हणतो, आणि वर म्हणतो की प्रेमानं म्हणतो. मला ही रीत पहिल्यापासून नावडती. माझ्या वर्गात मी कुणाला असं बोलू दिलं नाही, पण स्टँड काही माझा वर्ग नव्हता.

दादाने त्यानंतर दांडी एल वर कधी नेली नाही. मी एक-दोनदा हिंगणीच्या बाजूला नातेवाइकांकडे त्याच्यासोबत गेले होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं. नाल्याचा खडा चढ आला की तो लांबूनच वेग घ्यायचा आणि डी मध्येच वर काढायचा. गाडी रिकामी, इंजिन दांडगं, त्यामुळे निभावून जायचं. मला वाटलं त्याची हौस असेल. टॉपमध्ये चढ काढणं ही लॉरीवाल्यांची जुनी मर्दुमकी.

पुढे मालगुजारांनी लष्कराच्या लिलावातून एक दोन चाकांचा ट्रेलर घेतला आणि मोटारीच्या मागे हूक बसवून घेतला. दादा त्याला 'टेलर' म्हणायचा. वहिनीने विचारलं, "कपडे शिवते का थो?" त्या काळात आमच्या घरात असं हसणं परत आलं होतं. टेलरमध्ये खताची पोती जायची, येताना संत्र्यांच्या पेट्या यायच्या. पण टेलर अर्धाच भरायचा, आणि दादा डी मध्येच चालवत होता.

मग बगीच्यातल्या विहिरीसाठी ऑइल इंजिन आलं. स्टेशनवर उतरलं. ते आणि त्याचे पाइप टेलरमध्ये भरले तेव्हा टेलरचे टायर बसके झाले. मालगुजार आदल्या दिवशीच बगीच्यावर गेले होते. इंजिन उतरवायला आणि बसवायला मदत म्हणून जोडीदाराने यायचं ठरलं. रविवार होता. मालगुजारांनी निरोप पाठवला होता की घरच्या बायांनाही घेऊन ये, संत्री लागली आहेत, बगीचा पाहून जातील. वहिनी त्या गाडीत कधी बसली नव्हती. जिच्या तोंडून ती नोकरी आली तिला गाडीत बसायला दीड वर्ष लागलं होतं. तिने लग्नातलं जांभळं पातळ काढलं आणि मागच्या सीटवर अगदी कडेला बसली, जसं काही पूर्ण बसलं तर कुणी रागावेल.

पुढे दादा, त्याच्या शेजारी जोडीदार, मागे आम्ही दोघी. आर्वीपर्यंत मजेत गेलो. जोडीदार बडबड्या, त्याने वहिनीला हसवून हसवून बेजार केलं. कारंज्याच्या अलीकडे चढ सुरू झाला, वळणावळणाचा.

इंजिनाचा आवाज चढायचा, एकदम पडायचा, गाडीला हलका हिसका बसायचा, परत चढायचा. परत हिसका. मला दादाने सांगितलेलं आठवलं आणि मी दांडीकडे पाहिलं. ती डी वर होती. दादाच्या मानेवर घाम होता. थोड्या वेळाने वास आला, करपलेल्या तेलाचा.

वहिनी म्हणाली, "कायचा तरी वास येऊन राह्यला."

 दादाचा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि दांडीपाशी गेला. मी हे डोळ्यांनी पाहिलं. त्याची बोटं दांडीवर होती. अजून अर्धा क्षण, आणि त्याने ती खाली ओढली असती.

तेवढ्यात जोडीदार म्हणाला, "टाक ना बे लंगड्यात! पाह्यतोस काय?"

सल्ला बरोबर होता. शब्दाशब्दाने बरोबर होता. आणि तो चांगल्या मनाने दिला होता, मी शपथेवर सांगेन. पण मागे वहिनी बसली होती, तिचं लग्नातलं पातळ नेसून, नवरा मोटार कसा चालवतो ते पाहत. दादाची मान कानापर्यंत लाल झाली. त्याने हात दांडीवरून काढून घेतला, परत स्टिअरिंगवर ठेवला आणि अ‍ॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबला.

पुढच्या वळणावर इंजिन ओरडू लागलं आणि गाडी मात्र जाईना. नुसता आवाज. मग ती हळूहळू मागे सरकू लागली, टेलर तिला ओढू लागला. दादाने ब्रेक दाबून धरला. जोडीदार उडी मारून उतरला, चाकांखाली दगड लावले. बोनेटखालून नाही, आमच्या पायांखालून धूर येत होता. आम्ही दोघी उतरलो. दादा उतरला नाही. कुबडी मागच्या सीटवर होती आणि ती द्यायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

शेवटी जवळच्या वस्तीवरून दोन बैलजोड्या आणल्या. एका जोडीने टेलर नेला, दुसरीने मोटार. मोटारीला कुणीतरी वळवायला हवं म्हणून दादा चाकावर बसून होता, आणि बैल त्याला ओढत बगीच्यात घेऊन गेले. वाटेतली माणसं बांधावर येऊन पाहत होती. वहिनी आणि मी पायी मागे होतो. संत्री लागलेली होती हे खरं. मी काही खाल्ली नाहीत.

नागपूरचा मेकॅनिक आला, गिअरपेटी उघडली, आतलं तेल डांबरासारखं निघालं. आतल्या पट्ट्या जळून गेल्या होत्या. तसलं सामान इकडे मिळत नव्हतं आणि बाहेरून मागवणं त्या काळात जवळजवळ अशक्य. मेकॅनिकने मालगुजारांना सांगितलं, एल मध्ये टाकली असती तर काही झालं नसतं. मालगुजारांनी दादाकडे पाहिलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तुले माहीत नोयतं का?"

"माहीत होतं मालक," दादा म्हणाला. "ध्यानात नाई राह्यलं."

जोडीदार तिथेच उभा होता. म्हणाला, "मी सांगतलं होतं मालक याले. आयकलं नाई यानं."

"हाव," दादा म्हणाला. "यानं सांगतलं होतं."

मला त्या जोडीदाराचं डोकं फोडावंसं वाटलं. आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते हे की त्याला काहीच कळलेलं नव्हतं. तो खरोखर हळहळत होता. स्टँडवर त्याने ही हकिकत डोळ्यांत पाणी आणून सांगितली, आणि स्टँडने ठरवून टाकलं, एका पायाचा माणूस, त्याला कसं झेपणार. ज्यांना दोन पाय असून झेपलं नव्हतं ते हे म्हणत होते. मी म्हटलं, मी जाते आणि सांगते सगळ्यांना काय झालं ते.

दादा बाजेवर बसला होता. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता त्याने. त्या दिवशी चढवला. "काय सांगशीन? का एका शब्दापायी यानं मालकाची गाडी जाळली? त्यापेक्षा मले येत नोयती चालवता, हेच बरं हाये."

वहिनी चुलीपाशी होती. ती बाहेर आली, त्याच्यासमोर खाली बसली आणि विचारलं, "मी मांग बसली होती म्हून नाई टाकला ना?"

दादाने मांडीवरचं धोतर सारखं केलं. मग म्हणाला, "तुह्यासमोर नाई टाकता आला."

वहिनी रडली नाही. तिने त्याच्या उरलेल्या मांडीवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. मी आत गेले. तिथे माझं काम नव्हतं.

मालगुजारांनी जीप घेतली. तिला क्लच होता. चालवायला जोडीदाराला बोलावलं. तो आधी आमच्या घरी आला, दादाच्या पायाशी बसला आणि म्हणाला, तू नाही म्हण, मी नाही जाणार. तो खरंच गेला नसता. दादा म्हणाला, "जाजो. टेलर लावला का पुढं चढ पाह्यत जाय." जोडीदार निघून गेल्यावर वहिनीने त्याचा चहाचा कप घासून ठेवला.

दादाला मालगुजारांनी बगीच्यावर राखणदार म्हणून ठेवलं. दया असेल, नाहीतर त्यांच्याही मनाला काही लागलं असेल. दादा-वहिनी तिकडे झोपडीत राहायला गेले. आमचा जिल्हा त्या सुमारास मुंबई राज्याला जोडला गेला, माझी आष्टीकडे बदली झाली, आणि पत्रांवर दिवस निघाले. पत्रात दादा संत्र्यांबद्दल लिहायचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. एस.टी.तून उतरले, बगीच्याच्या फाटकाशी आले. वहिनी नदीवर गेली होती. आत बाया संत्री तोडत होत्या. माझ्या ओळखीची त्यांत कुणी नव्हती. मी एकीला विचारलं, राखणदार कुठे आहेत? तिने दादाचं नाव ऐकलंच नसावं. तिने झाडांकडे तोंड केलं आणि अगदी सहज, गोड आवाजात हाक मारली, "ओ लंगडेबुवा! पाह्यजा, कोन बाई आली!"

 आता काय होतं, मला वाटलं.

झाडांमागून दादाचा आवाज आला, तितकाच सहज. "आलो वो, माय. आलो."